घरातलं थर्मोडायनॅमिक्स : पंखा, एसी आणि गीझर



व्हायव्हाला एक्स्टर्नलने रेफ्रिजरेशन सायकल विचारली की आपण डोळे मिटून सांगतो. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन, इव्हॅपोरेटर! वर पी-एच डायग्रामसुद्धा काढून दाखवतो. पण घरी आई म्हणते, "अगं, एवढी मेकॅनिकलला आहेस ना, जरा बघ एसी गार का करत नाहीये," तेव्हा काय होतं? मेकॅनिकला फोन जातो. तो येतो, अर्धा तास खुडबुड करतो, पैसे घेतो आणि जातो. नक्की काय बिघडलं होतं, हे घरात कुणालाच कळत नाही.

आपल्या ठाणे-डोंबिवलीकडे बहुतेक घरं कर्ज काढून घेतलेली. फ्लॅटचे हप्ते वीस-वीस वर्षं चालतात. त्या घरातल्या वस्तूंची निगा मात्र "बिघडलं की बघू" या खात्यात असते. म्हणून हा लेख. घरातल्या गार करणाऱ्या आणि गरम करणाऱ्या वस्तूंचं आपण स्वतः काय करायचं, मेकॅनिककडून काय करून घ्यायचं आणि त्याला काय विचारायचं, एवढंच सांगायचं आहे. बहुतेक तक्रारींच्या मुळाशी तीनच गोष्टी असतात : धूळ, पाणी आणि सैल जोड. हे तीन चोर ओळखता आले की अर्धी लढाई जिंकलीच!

आधी आपली हवा समजून घेऊ

नागपूरची मावशी मे महिन्यात इकडे आली की हमखास म्हणते, "कूलर का नाही घेत तुम्ही? एसीला कशाला पैसे घालवता?" तिचं तिच्या गावापुरतं बरोबर आहे. कूलरमध्ये ओल्या जाळीतून हवा जाते, पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते, म्हणून हवा गार होते. याला मराठीत बाष्पीभवन म्हणतात. (आम्ही कॉन्व्हेंटवाले, हा शब्द मी अकरावीत मराठी मीडियमच्या मैत्रिणीकडून शिकले. तिने त्याबदल्यात माझ्याकडून 'इव्हॅपोरेशन'चं स्पेलिंग घेतलं. फिट्टंफाट!)

पण हवा किती गार होऊ शकते याला मर्यादा असते. ती म्हणजे वेट बल्ब तापमान. हिशेबापुरतं धरा, नागपूरला ४३ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता आहे. तिथे वेट बल्ब येतं साधारण २३ अंश. म्हणजे वीस अंशांचा वाव! आता डोंबिवली धरा, ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता. वेट बल्ब २८ च्या वर. म्हणजे कूलरने जीव तोडून काम केलं तरी पाच-सहा अंशांपलीकडे काही मिळणार नाही, आणि ती हवाही दमट. खिडक्या बंद करून कूलर लावला तर खोलीचं अगदी स्टीम बाथ होतं. आपल्याकडे उकाड्याचा खरा व्हिलन तापमानापेक्षा दमटपणा आहे. घाम येतो पण वाळत नाही. कुठली वस्तू आपल्या उपयोगाची आणि कुठली नाही, ते इथूनच ठरतं.

पंखा : सगळ्यात गरीब, सगळ्यात कष्टाळू

पंखा हवा गार करत नाही. उलट त्याची मोटर खोलीत थोडी उष्णताच सोडते. तो फक्त अंगावरची दमट हवा हटवून घाम वाळायला मदत करतो. म्हणूनच खोलीत कुणी नसताना पंखा चालू ठेवणं म्हणजे निव्वळ वीज जाळणं.

पंख्याची सगळ्यात कॉमन तक्रार : "पाचवर ठेवला तरी हळूच फिरतो." पहिला संशयित म्हणजे कपॅसिटर. सिलिंग फॅनला साधारण २.५ मायक्रोफॅरडचा छोटासा डबीसारखा कपॅसिटर असतो. सिंगल फेज मोटरला फिरतं चुंबकीय क्षेत्र मिळावं म्हणून तो दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट पुढे ढकलतो. वर्षं गेली की त्याची क्षमता कमी होते आणि पंखा मंदावतो. काठीने ढकलल्यावरच पंखा सुरू होत असेल, तर हेच कारण असण्याची शक्यता जास्त. ही वस्तू अगदी स्वस्त असते. कुणी पहिल्याच फटक्यात "मोटर जळली, नवीन पंखा घ्या" म्हणालं, तर आधी कपॅसिटर बदलून बघायला सांगा. नवा घेताना जुन्यावर छापलेलाच आकडा घ्यायचा. "जास्त मायक्रोफॅरड म्हणजे जास्त स्पीड" असं काही नसतं, वाइंडिंग तापतं.

पंखा डुगडुगत असेल तर पात्यांचे स्क्रू बघा, पात्यांवरची धूळ पुसा आणि एखादं पातं वाकलंय का ते तपासा. पाती पुसताना हाताने वर रेटायची नाहीत, ती तशीच वाकतात. तिन्ही पाती एकाच पंख्याची हवीत. रंगकामाच्या वेळी दोन पंख्यांची पाती अदलाबदल होतात आणि मग घरात "वास्तुदोष" शोधला जातो! वर हुकाला जिथे पंखा टांगलेला असतो तिथला नटबोल्ट, रबर आणि कॉटर पिन वर्षातून एकदा वायरमनकडून तपासून घ्या. वर्षानुवर्षं तिकडे कुणी ढुंकूनही बघत नाही आणि नेमका त्याच्याखालीच पलंग असतो.

जाता जाता एक हिशेब. साधा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा सुमारे ३०. दिवसाला १५ तास चालला तर महिन्याला साध्याचे जवळजवळ ३४ युनिट होतात, बीएलडीसीचे साडेतेरा. घरात चार पंखे असतील तर पुढचं गणित तुम्हीच करा.

एसी : गारवा बनवत नाही, उष्णता बाहेर फेकतो

एसीचा 'टन' म्हणजे त्याचं वजन नव्हे, हे आपल्याला माहीत आहे, पण घरी विचारून बघा! पूर्वी बर्फानेच गारवा मिळायचा. १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ बोस्टनहून जहाजाने थेट मुंबईला यायचा. एक अमेरिकन टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो एक टनाचा दर, म्हणजे साडेतीन किलोवॉट. दीड टनाचा एसी खोलीतून सेकंदाला साधारण सव्वापाच किलोज्यूल उष्णता उचलून बाहेर टाकतो.

आपल्याकडे त्याला दुसरंही काम असतं, हवा कोरडी करायचं. ते पाइपातून टपकणारं पाणी म्हणजे हवेतली वाफ. एक लिटर वाफेचं पाणी करायला जवळजवळ २,४०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. हा आकडा लक्षात ठेवा, गीझरपाशी पुन्हा लागणार आहे.

आता निगा. तीन जागा आहेत.

पहिली, फिल्टर. आतल्या युनिटचं झाकण उचललं की जाळ्या दिसतात. उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी स्विच बंद करून त्या काढा, नळाखाली धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि परत बसवा. ना पाना लागतो, ना मेकॅनिक. फिल्टर तुंबला की कॉइलवरून हवा कमी जाते, कॉइलचं तापमान शून्याखाली उतरतं आणि त्यावर बर्फ जमतो. बर्फाने हवा आणखी अडते. बर्फ दिसला म्हणजे एसी "जास्तच गार" करतोय असं नाही. कूलिंग बंद करा, बर्फ वितळू द्या, फिल्टर धुवा. तरीही परत बर्फ आला तर मेकॅनिकला बोलवा.

दुसरी, पाण्याचा पाइप. एसीतून भिंतीवर पाणी गळायला लागलं की बहुतेक वेळा ड्रेन पाइप शेवाळ आणि धुळीने चोंदलेला असतो, नाहीतर त्याला उलटा उतार असतो. पाणी चढणीवर जात नाही, एवढं फ्लुइड मेकॅनिक्स सगळ्यांनाच येतं!

तिसरी, बाहेरचं युनिट. आपल्या बिल्डिंगांमध्ये ते कुठेही कोंबलेलं असतं. डक्टमध्ये, ग्रिलच्या आत, कधी त्याच्यावर कुंड्या आणि पायपुसणी वाळत घातलेली. त्याने फेकलेली गरम हवा परत त्याच्याच तोंडात गेली तर एसी हाशहुश करणारच. पुढची जागा मोकळी ठेवा. पण एक पक्कं : खिडकीबाहेर वाकून ते साफ करणं हे आपलं काम नाही. त्यासाठी सेफ्टी बेल्ट लावून काम करणारा माणूसच बोलवायचा.

"गॅस संपलाय" : हे वाक्य जपून ऐका

आमच्याच घरी सलग तीन उन्हाळे एका मेकॅनिकने हेच सांगितलं, "गॅस संपलाय, भरावा लागेल." बाबांनी तीन वेळा पैसे दिले. चौथ्या वर्षी दुसरे एक काका आले. त्यांनी सिलिंडरला हातही लावला नाही. आधी तांब्याच्या पाइपाच्या जोडावर टॉर्च मारला. तिथे तेलकट डाग होता. साबणाचा फेस लावला तर बारीक बुडबुडे येत होते. नट सैल, पाइपाचं तोंड खराब. त्यांनी तोंड नव्याने फ्लेअर केलं, व्हॅक्यूम काढला आणि मग गॅस भरला. त्यानंतर गॅस भरावा लागलेला नाही. आईने त्यांना चहाबरोबर पोहेही दिले. तीन वर्षांचा राग असा सत्कारात बाहेर पडला.

सांगायचं तत्त्व सोपं आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये गोल गोल फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणं. म्हणून मेकॅनिकला शांतपणे चार प्रश्न विचारा. गळती कुठे आहे? ती बंद केली का? व्हॅक्यूम पंप आणलाय का? आणि गॅस कोणता आणि वजन करून किती भरणार? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर युनिटच्या लेबलवर छापलेलं असतं. आर-२२, आर-४१०ए, आर-३२ हे एकमेकांच्या जागी भरायचे नसतात. आर-३२ तर सौम्य का होईना, ज्वलनशील आहे. ज्याला काम येतं तो या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुलून बोलतो.

आणि थर्मोस्टॅट? २०२० पासून आपल्या देशात नव्या एसींना २४ अंश हे डिफॉल्ट सेटिंग सक्तीचं झालं. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या अंदाजाप्रमाणे तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. १८ वर ठेवल्याने खोली 'लवकर' गार होते हा गैरसमज आहे. एसी तेवढाच जोर लावतो, फक्त उशिरा थांबतो. २५-२६ वर एसी आणि सोबत हळू पंखा, हे आपल्या हवेला झकास जमतं.

गीझर : इथे मात्र चेष्टा नाही

१५ लिटरचा, दोन किलोवॉटचा गीझर २५ अंशांचं पाणी ६० अंशांना न्यायला साधारण २,२०० किलोज्यूल घेतो. वेळ लागतो सुमारे १८ मिनिटं. (एसीच्या पाइपातून पडलेल्या एका लिटरमागे काढलेली उष्णता याहून थोडी जास्तच होती. दमटपणाची किंमत कळली?) म्हणजे पहाटे पाचला लावून आठपर्यंत गीझर चालू ठेवायची काहीच गरज नाही.

गीझरचा शत्रू म्हणजे क्षार. नदीचं पाणी येतं तिथे त्रास कमी. पण बोअरवेल किंवा टँकरवर असलेल्या सोसायट्यांना, आणि घोडबंदर रोडवाल्यांना टँकर काही नवा नाही, बऱ्याचदा जड पाणी मिळतं. कॉइलवर पांढरा थर बसतो, उष्णता पाण्यात जात नाही, कॉइल तापून जळते. पाणी तापायला जास्त वेळ लागतोय आणि आतून खडखड आवाज येतोय, ही त्याची खूण. टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. तो स्वतः गंजतो आणि टाकीला वाचवतो. जड पाणी असेल तर वर्षातून एकदा टाकी साफ करून तो दांडा तपासून घ्यावा. सर्व्हिसिंगवाल्याला "अॅनोड बघितला का?" एवढं विचारा, तो लगेच सावरून बसतो.

प्रेशर व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून तिथे बूच मारणारे महाभाग आहेत. असं कधीही करू नका. थर्मोस्टॅट अडकला तर आतला दाब बाहेर पडायची ती एकमेव वाट आहे. गीझर १६ अँपिअरच्या स्वतंत्र सॉकेटवरच हवा. प्लग किंवा सॉकेट काळा पडला असेल, गरम लागत असेल, तर तो आपला तिसरा चोर, सैल जोड. त्याला वायरमनच लागतो.

बादलीत टाकायच्या रॉडबद्दल दोनच वाक्यं. बटण बंद करून, प्लग काढून मगच पाण्याला हात लावायचा. "तापलं का बघू" म्हणून चालू रॉडच्या पाण्यात बोट घालणं हा जिवाशी खेळ आहे.

आणि गॅस गीझर. तो पेटतो तेव्हा खोलीतला ऑक्सिजन वापरतो. बाथरूम बंद असेल तर ज्वलन अपुरं होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं आणि माणूस दाराची कडी काढण्याआधीच कोसळतो. बाथरूममध्ये आंघोळीला गेलेलं माणूस बाहेर आलंच नाही, अशा बातम्या म्हणूनच येतात. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या जागी हवा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर बंद करा आणि माणूस बोलवा.

आपल्याकडे तिसरा पर्यायही आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी २००० च्या दशकातच नव्या इमारतींना सोलर वॉटर हीटरची अट घातली. तुमच्या गच्चीवरच्या नळ्या चालू आहेत की नुसत्याच धूळ खात आहेत? गच्चीवर जाऊन बघा आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारा. काचेवरची धूळ पुसायला जनरल बॉडीचा ठराव लागत नाही!

एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस

हा परिच्छेद सोडून बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

घरातल्या बोर्डात एमसीबी असतो. गीझरचा एमसीबी समजा १६ अँपिअरचा. म्हणजे करंट त्याहून बराच वाढल्याशिवाय तो पडत नाही. माणसाच्या शरीरातून मात्र काही दहा मिलिअँपिअर करंट गेला तरी जीव जाऊ शकतो. म्हणजे शॉक लागलेला माणूस एमसीबीच्या खिजगणतीतच नसतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट सतत ताडून बघतो. फरक ३० मिलिअँपिअरपर्यंत पोचला, म्हणजे करंट दुसऱ्या वाटेने, कदाचित तुमच्या अंगातून, जमिनीत चाललाय असं धरून तो क्षणार्धात लाइन तोडतो.

डोंबिवली-कल्याणच्या जुन्या बिल्डिंगांमध्ये अनेक घरांत आरसीसीबी नाहीच. एसी आला, गीझर आला, ओव्हन आला, पण बोर्ड जुनाच. आधी तुमच्या घरात तो आहे का ते बघा. त्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' असं लिहिलेलं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं. लाइट गेले पाहिजेत. गेले नाहीत तर तो बिघडलाय. हे बटण अर्थिंग तपासत नाही हेही लक्षात ठेवा. अर्थिंग वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्यायचं. आणि एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठा बसवून घेऊ नका. तो पडतो ते वायर जळू नये म्हणून. मोठा बसवला की तो गप्प बसतो आणि वायर बोलते.

पावसाळ्याची उजळणी

२६ जुलै २००५ आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. तेव्हा आपण नीट चालायलाही लागलो नव्हतो, पण घरोघरी पुराची खूण भिंतीवर दाखवणारं कुणीतरी असतंच. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली, ती आपण टीव्हीवर पाहिली. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी घरात पाणी शिरायच्या आधीच मेन स्विच बंद करावा. पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावायचा नाही. भिजलेला फ्रिज किंवा वॉशिंग मशीन "वाळलं, आता लावून बघू" असं करायचं नाही. आधी वायरमनकडून मेगरने इन्सुलेशन तपासून घ्यायचं.

आणि लाइट जाऊन आले की एसी लगेच सुरू करू नका. बंद पडताना कॉम्प्रेसरच्या दोन बाजूंना दाबात मोठा फरक असतो. तो समान व्हायला तीनेक मिनिटं द्या. बहुतेक नवे एसी ही वाट स्वतःच बघतात, जुन्यांसाठी आपण बघायची.

शेवटी

आमच्याकडे अजूनही "मुलगी आहेस, स्टुलावर कशाला चढतेस, बाबांना येऊ दे" असं ऐकायला मिळतं. बाबा कल्याण लोकलमधून घामाघूम होऊन रात्री नऊला येणार, मग ते स्टुलावर चढणार का? फिल्टर धुवायला ना ताकद लागते ना डिग्री. आजीलासुद्धा आम्ही 'टी' बटण दाखवून ठेवलंय. दर महिन्याच्या एक तारखेला तीच आठवण करते, "अगं, ते खटका पाडायचं राहिलं बघ."

जे काम खरंच मेकॅनिकचं आहे ते त्याचंच. आयटीआयला त्याचा दोन वर्षांचा वेगळा ट्रेड असतो, तेव्हा त्याच्या कामाचे पैसे द्यायला कुरकुर नको. पण काय बिघडलंय हे समजून पैसे देणं वेगळं आणि न समजता देणं वेगळं.

तर मंडळी, सबमिशनचा ढीग नंतर बघू. आज घरी गेल्यावर दोनच गोष्टी करा. एसी असेल तर फिल्टर काढून बघा, आणि बोर्डावर ते बटण शोधा. बटण सापडलं तर दाबा. नाही सापडलं, तर उद्याच वायरमनला बोलवा.